डबा आणण्यापूर्वी बाळाला पिताना एकदा नीट बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह असतो आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत लेख येतात. आईचं दूध सर्वांत चांगलं, पहिले सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण जिचं बाळ बारा दिवसांचं आहे, जी रात्रंदिवस अंगावर पाजते आहे आणि तरीही काट्यावरचा आकडा हलत नाही, तिच्या हाती या लेखांतून काही लागत नाही. उलट, आपलंच काही चुकतंय असं वाटून ती आणखी खचते. हे पत्र तिच्यासाठी आहे. तिच्या सासूसाठी, आईसाठी आणि नवऱ्यासाठीही आहे, कारण बाळंतपणानंतरच्या त्या दिवसांत निर्णय बहुधा तेच घेतात.

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या प्रसूतिगृहांत परिचारिका म्हणून झाली. आता निवृत्त आहे. लालबागच्या आमच्या इमारतीत किंवा आजूबाजूला कुणाकडे बाळ आलं की मला बोलावणं येतं, आणि दारातच प्रश्न येतो, ‘सिस्टर, वजन वाढत नाही. दूध पावडरचा कुठला डबा आणू?’ मी उलट विचारते, बाळ पीत असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी शेजारी बसून बघितलंय का? बहुतेक घरांत कुणीच बघितलेलं नसतं. डॉक्टरांनी वजन केलेलं असतं, टाळू आणि कावीळ तपासलेली असते. बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना ते आणखी किती वेळ देणार? घरच्यांनी बाळ छातीला लागलेलं बघितलेलं असतं. पण छातीला लागलेलं बाळ दूध पीत असेलच असं नाही. ते कळायला अर्धा तास लागतो. माझं सगळं म्हणणं या अर्ध्या तासाविषयी आहे.

आधी हळू वाढणं म्हणजे काय ते सांगते, कारण निम्मी घरं विनाकारण घाबरलेली असतात. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर ते नेहमीचं. दहा टक्क्यांच्या जवळ गेलं तर लगेच लक्ष घालायला हवं. बाळंतपणात आईला सलाईन पुष्कळ चढवलेलं असेल तर बाळाच्या अंगातही ते पाणी येतं, जन्माचं वजन थोडं फुगलेलं दिसतं आणि मग घट जास्त वाटते. सिझेरियननंतर हे लक्षात ठेवावं. चौथ्या-पाचव्या दिवशी दूध भरून यायला लागलं की वजन वळतं आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत बाळ जन्मवजनावर परत येतं. पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. चौदा दिवस झाले आणि जन्माचं वजन गाठलेलं नाही, किंवा पाचव्या दिवसानंतरही वजन उतरतंच आहे, तर थांबू नये.

शेजारच्या बाळाशी तुलना मात्र करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे जे आलेख काढले, ते सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवरून. त्यांत आपल्या दिल्लीतली बाळंही होती. त्या आलेखात महिन्याच्या मुलाचं मधलं वजन साडेचार किलो आणि मुलीचं ४.२ किलो आहे. म्हणून अडीच किलोने जन्मलेल्या मुलीने महिन्यात ४.२ गाठायला हवं असा त्याचा अर्थ होत नाही. तिची रेघ खालून चालेल. ती रेघ वर चढत राहते की आडवी होते, एवढंच बघायचं असतं.

आणि वजन कसं करतो यावर सगळं अवलंबून आहे. डिस्चार्जला एका काट्यावर, लसीला दुसऱ्या काट्यावर, मधे केमिस्टकडच्या तिसऱ्याच काट्यावर, असे आकडे एका कागदावर लिहून लोक माझ्यासमोर ठेवतात. त्या आकड्यांवरून काहीही ठरवता येत नाही. ओला लंगोट, झबलं आणि दुपटं मिळून शंभर-दीडशे ग्रॅम सहज भरतं, म्हणजे बाळाची चार-पाच दिवसांची वाढ. बाळाला कडेवर घेऊन स्वतः मोठ्या काट्यावर उभं राहायचं आणि मग वजा करायचं, हा प्रकार तर सोडूनच द्यावा. एकच काटा, तोही ग्रॅम नीट दाखवणारा, आणि त्यावर उघडं बाळ. शंका असेल तर तीन-चार दिवसांनी, नाहीतर आठवड्याने. रोज वजन करणाऱ्या घरात मी आईच्या तोंडचं पाणी पळालेलं बघितलंय. बाळ शी करण्याच्या आधी काट्यावर ठेवलं की नंतर, एवढ्यानेही त्या दिवसाचा आकडा बदलतो.

दोन वजनांच्या मधल्या काळात लंगोट बोलतो. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले व्हायला हवेत, लघवी पाण्यासारखी फिकी हवी. पहिल्या दिवसाची काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झालेली असावी आणि पहिल्या महिन्यात ती दिवसातून तीन-चारदा तरी व्हावी. पाचव्या दिवसानंतरही शी काळी-हिरवीच आहे किंवा लंगोटावर विटकरी डाग दिसतोय, तर पोटात दूध कमी जातंय. डायपर लावला की यातलं काही कळत नाही, म्हणून निदान या दिवसांत सुती लंगोट वापरा असं मी सांगते. घरात भिंतीवर कालनिर्णय असतंच. त्याच्या चौकटीत प्रत्येक ओल्या लंगोटाला एक रेघ आणि शीला एक ठिपका. हे काम नवऱ्याला द्यावं. रात्री लंगोट बदलण्याचं आणि ढेकर काढण्याचंही द्यावं, म्हणजे बायकोला पाजण्यापुरतंच उठावं लागेल.

आता एका घराची हकिकत लिहिते. परळची मुलगी, पहिलंच बाळंतपण. ओळख पटू नये म्हणून याहून जास्त सांगत नाही. तिचं बाळ, तीही मुलगीच, जन्मलं २.८ किलोचं, घरी आलं तेव्हा २.६, आणि बाराव्या दिवशी २.६१. डॉक्टरांच्या कागदावर ‘वरचं दूध सुरू करा’ असं लिहिलेलं आणि त्याखाली एका डब्याचं नाव. सासूबाई म्हणाल्या, ‘हिचं दूध पातळ आहे, त्यात पोर रडवी नाही की काही नाही, गुणी आहे, रात्री पाच तास झोपते.’ मी डबा बाजूला ठेवायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, आता ती उठेल तेव्हा मी बसते.

बाळ उठलं नाही, उठवावं लागलं. टोपडं, हातमोजे, पायमोजे, वर दोन दुपट्यांत घट्ट गुंडाळलेलं. आई भिंतीला टेकून, पाठ वाकवून, छाती बाळाच्या तोंडाकडे नेत होती. बाळाचं पोट छताकडे आणि मान तेवढी आईकडे वळलेली. तोंडात नुसती बोंडी. पहिली दोन मिनिटं भराभर चोखलं, मग बारीक बारीक चाळवल्यासारखं, गिळण्याचा आवाज नाही, आणि मग झोप. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावलेला होता. तो वाजला की दुसरी बाजू, पुन्हा गजर, की झालं पाजून. बाळ सुटलं तेव्हा बोंडी चपटी झालेली आणि टोकाला पांढरी रेघ. आई ओठ चावून दुखणं सोसत होती आणि पाजताना दुखतंच असं तिला सांगण्यात आलं होतं. पहिल्या क्षणी थोडं ओढल्यासारखं वाटणं वेगळं. अख्ख्या पाजण्यात दुखत असेल तर पकड चुकलेली आहे.

मग दिवसाची चौकशी केली. सकाळी मालिशवाली येते, मालिश, अंघोळ, धुरी, आणि मग बाळ नऊला झोपतं ते एकपर्यंत. रात्रीचे पाच तास. संध्याकाळी किरकिर करतं तेव्हा चोखणी, कारण ‘आत्ताच तर पाजलं’. बेरीज केली तर चोवीस तासांत सहा वेळा पाजणं होत होतं, तेही अर्धवट. या वयाच्या बाळाला आठ ते बारा वेळा लागतं. शिवाय कमी दूध मिळालेलं बाळ मोठ्याने रडतंच असं नाही. त्याच्यात जोर राहत नाही, ते झोपून जातं. सासूबाईंना ते गुणी वाटत होतं यात त्यांचा दोष नव्हता. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही दुपटी काढली. मोजे काढले. लंगोटावरच बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून आईचाच पदर. पंधरा मिनिटांत ते आपणहून तोंड फिरवायला लागलं. आईला सरळ बसवलं, पाठीशी उशी. उजव्या बाजूला पाजायचं तर डाव्या हाताने बाळाला धरायचं, तळवा त्याच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली, डोक्यावर दाब नाही. बाळाचं पोट आईच्या अंगाला चिकटलेलं, नाक बोंडीसमोर. त्याने जांभईसारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला छातीकडे आणायचं. छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडीभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतो आणि खालून कमी, अशी पकड मिळाली की ती आईच म्हणाली, ‘दुखत नाहीये.’ मग ऐकायला आलं ते गिळणं. एकदा-दोनदा चोखतं, जबडा खाली जाऊन क्षणभर थांबतो आणि हलकासा श्वास सुटल्यासारखा आवाज. सासूबाईंनी कान लावून ऐकला.

बाळ मंदावलं की आईने छाती हाताने हलकेच दाबून धरायची. दूध पुढे येतं आणि बाळ पुन्हा गिळायला लागतं. तेवढ्यानेही जागं होत नसेल तर ढेकर काढून, लंगोट बदलून दुसऱ्या बाजूला. घड्याळ बघायचं ते फक्त दोन पाजण्यांमधलं अंतर मोजायला: दिवसा दोन-अडीच तास, रात्री तीनच्या वर नाही, आणि बाळाने आधी मागितलं तर आधी. मालिशच्या आधी पाजायचं आणि अंघोळीनंतर झोपण्याआधी परत. चोखणी बंद. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, ते दूध आटल्याचं लक्षण समजू नये; बहुतेक बाळं त्या वेळी असंच करतात. या सगळ्याबरोबर, प्रत्येक पाजण्यानंतर आईने हाताने थोडं दूध काढायचं आणि तेच बाळाला वाटी-चमच्याने द्यायचं. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला जेमतेम दिसेल एवढंच आलं. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. चौथ्या दिवशी त्याच काट्यावर वजन केलं तेव्हा २.७३ भरलं. डबा उघडावा लागला नाही. बोंड्यांच्या चिरा बऱ्या व्हायला पुढे आठवडा गेला, रात्री कठीण होत्या, आणि एकदा पहाटे तिच्या नवऱ्याचा ‘आता काय करू’ म्हणून फोनही आला. पण तिसरा आठवडा संपेपर्यंत मुलगी जन्मवजनाच्या पुढे गेली होती.

हे का होतं तेही सांगायला हवं, कारण ते समजलं की ‘दूध पुरत नाही’ या वाक्याची भीती कमी होते. जितकं दूध छातीतून बाहेर जातं तितकं नवं बनतं. छाती भरलेली राहिली तर शरीर दूध बनवणं कमी करतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं मोलाचं. दूध वाहवणारं ऑक्सिटोसिन आईला दुखत असेल, लाज वाटत असेल, चार माणसं डोक्यावर उभी असतील तर अडखळतं, आणि बाळ जवळ घेतलं की सुटतं. पान्हा फुटतो म्हणतात तो हाच. म्हणजे पकड चुकली की दूध निघत नाही, निघत नाही म्हणून बनत नाही, आणि बनत नाही म्हणून वरचं द्यावं लागतं. वरच्याने पोट भरलेलं बाळ आणखी कमी चोखतं. काही आठवड्यांत बाईचं दूध खरोखरच कमी होतं आणि घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो.

दूध पातळ आहे, हे बोलणं तर कुठल्याच घरात कुणी बोलू नये. आईचं दूध दिसायला पातळ, निळसरच असतं. पाजण्याच्या सुरुवातीला जास्त पातळ येतं आणि छाती रिकामी होत जाते तसं साईचं दाट येतं. दहा मिनिटांच्या गजरावर बाजू बदलली तर बाळ त्या दाट दुधापर्यंत पोचतच नाही. अळीव, मेथी, डिंक, खसखस, शतावरी हे सगळं मायेने केलेलं असतं आणि बाळंतिणीच्या अंगाला लागतं, ते जरूर द्यावं. आमच्या कोकणातल्या बायका मुडदुशा माशांचं कालवण देतात, तेही द्यावं. पण कितीही लाडू खाल्ले तरी बाळाची पकड सुधारत नाही. महिनाभर नुसत्या तूप-मेतकूट-भातावर ठेवलेल्या बाळंतिणी मी आजही बघते. त्यांना डाळ, पालेभाजी, अंडं, मासळी, फळं, पोटभर पोळी-भाकरी द्या आणि दुपारी दोन तास झोपू द्या. बाळाला पाणी, मध, साखरपाणी, गुटी, ग्राइप वॉटर यांतलं काही नको. मेमधल्या उकाड्यातही नको, दुधात पुरेसं पाणी असतं. मधाने तर तान्ह्या बाळाला बोटुलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे द्यायचे.

माझं म्हणणं ऐकून कुणी असं समजू नये की मी वरच्या दुधाच्या विरुद्ध आहे. बाळ उपाशी ठेवून आईचं दूध वाढवता येत नाही. आधी बाळाच्या पोटात दूध गेलं पाहिजे, मग बाकी सगळं. माझ्या ओळखीत एक बाई आहे, बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला, नंतर थायरॉइडही निघाला. पकड छान, पाजणं वेळेवर, तरी दूध बेताचंच. अशा बायका असतात. थायरॉइड, पीसीओएस हा अंडाशयाचा विकार, वार पूर्ण न पडणं, छातीवरची जुनी शस्त्रक्रिया, अशी कारणं असू शकतात आणि ती डॉक्टरांनी शोधायची असतात. तिने प्रत्येक वेळी आधी अंगावर पाजलं, मग मोजून वरचं दिलं, आणि मुलगा वर्षाचा होईपर्यंत दोन्ही चालू ठेवलं. त्याला मिळालेलं आईचं दूध थोडं होतं म्हणून वाया गेलं नाही. तिला कुणी बोल लावला तर मला सहन होत नाही.

वरचं द्यायचं तर क्रम असा: पहिलं आईचं स्वतःचं काढलेलं दूध, मग मिळत असेल तर दूधपेढीतलं, आणि मग डब्याचं. दूधपेढीच्या बाबतीत मुंबईने साऱ्या आशियाला वाट दाखवली आहे. शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. तिथलं तपासलेलं, पाश्चराइज केलेलं दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं, घरच्या प्रत्येक बाळाला ते मिळेल असं नाही. डब्याचं दूध द्यावं लागलं तर पाणी उकळलेलं, पावडर डब्यातल्याच चमच्याने सपाट मापून, आणि प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. महाग म्हणून पाणी वाढवून डबा पुरवणारी घरं मी बघितली आहेत. तिथे बाळाचं पोट भरतं आणि वजन तसंच राहतं. बाटली शक्यतो नको. वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं, धुवायला सोपं आणि उकळायला सोपं. मुंबईच्या पावसाळ्यात बाटलीच्या बुचाने किती बाळांना जुलाब होतात ते मुलांच्या कुठल्याही वॉर्डात विचारा.

काही बाळांना मात्र घरात बसून पकड सुधारत राहणं धोक्याचं असतं. आठ तासांत लघवी नाही, उठवूनही उठत नाही, टाळू खोल गेली, अंग तापलं किंवा गार पडलं, पिवळेपणा हातापायांच्या तळव्यांपर्यंत उतरला, हिरवी उलटी झाली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. पिताना बाळाच्या कपाळावर घाम येतो, धाप लागते आणि ते सारखं थांबतं, हेही साधं समजू नका. असंच एक बाळ मी बघितलं. आईची काही चूक नव्हती, दूध भरपूर होतं. त्यांना मुलांच्या वाडिया रुग्णालयात जायला सांगितलं आणि हृदयाला छिद्र निघालं. लघवीचा जंतुसंसर्ग, जिभेखालचा ताणलेला पडदा, दोन-तीन आठवडे आधी झालेला जन्म, ही कारणंही वजनामागे असतात. पिताना नीट बघितलं तर यांतल्या काहींचा सुगावा तिथेच लागतो.

कायद्याबद्दल दोन शब्द. शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा आपल्याकडे १९९२ साली झाला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. डब्याची जाहिरात, फुकट नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू, सगळ्याला बंदी आहे. तरी बाळाला पिताना कुणीही न बघता डिस्चार्जच्या कागदावर डब्याचं नाव येतं. मी डॉक्टरांना दोष देत नाही, ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांच्यातले कितीतरी रात्री दोन वाजता बाळंतिणीजवळ बसायचे. पण अर्धा तास बसणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम असायला हवं, आणि आज मुंबईत ते कुणाचंच नाही.

गावाकडे ते काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू किती कमी होतात हे १९९९ साली जगासमोर मांडलं. त्याच धर्तीवर २०११ पासून आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, वजन करतात, पाजणं बघतात. आमच्या लालबाग-परळच्या चाळींच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये अशी भेट मला आजवर दिसलेली नाही. तिथे खाली वॉचमन आहे, वर बंद दार आहे आणि आत एक नवी आई मोबाइलवर शोधते आहे. शोधायचंच असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधल्या स्तनपानाच्या चित्रफिती मराठीत आहेत, त्या बघा. बाळाला धरण्याची जी रीत मी वर लिहिली ती त्यांत नीट दाखवली आहे.

महापालिकेकडे माझं मागणं मोठं नाही. जागोजागी ‘आपला दवाखाना’ उघडले आहेत. तिथे बाळांचा एक चांगला डिजिटल काटा ठेवा, पडद्याआड पाठ टेकायला खुर्ची आणि उशी ठेवा, आणि आठवड्यातून दोन दुपारी पाजण्याचं प्रशिक्षण घेतलेली एक सिस्टर बसवा. काम तिला एवढंच: उघड्या बाळाचं वजन, एक अख्खं पाजणं बघणं, आणि तीन-चार दिवसांनी परत बोलावणं. ज्या बाळाला वरचं हवं आहे त्याला ती देईल, ज्याला मोठ्या रुग्णालयात जायला हवं त्याला पाठवेल. आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका या शहरात पुष्कळ आहेत. बोलावलं तर आम्ही येऊ, मानधनाचं नंतर बघता येईल. आमच्या विभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी हेच लेखी कळवते आहे. आपण हे पत्र छापलंत तर इतर विभागांतल्या भगिनीही आपापल्या दवाखान्यात जाऊन विचारतील, आमच्याकडे बाळांचा काटा आहे का आणि पाजताना बघायला कुणी आहे का.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
लालबाग, मुंबई
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)